मस्कीसाठी तरंगती आमिषे
मस्केलंज ऊर्फ मस्की हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. विस्कॉन्सिनचा तो राज्यमत्स्य (१९५५). उन्हाळ्यात पाणवनस्पतींच्या कडेने ओढलेल्या तरंगत्या आमिषावर तो खालून झडप घालतो. शेपटीला फिरते पाते असलेले आमिष एकाच वेगाने ओढता येते व माशाला नेम साधता येतो, म्हणून नवख्याने तेच घ्यावे. पंखांचे ‘क्रीपर’ आमिष संथ ओढायचे. रात्री ते विशेष उपयोगी. नागमोडी चालणाऱ्या आमिषाला मात्र सराव लागतो. माशाच्या झडपेने पाणी उसळताच रॉड खेचण्याचा मोह अनावर असतो. पण माशाचे वजन दोरीवर जाणवल्यावरच हिसका द्यावा. तीक्ष्ण दातांमुळे दोरीच्या टोकाला पोलादी तार जोडतात. मस्की पुष्कळदा नावेपर्यंत पाठलाग करत येतो, त्यामुळे आमिष बाहेर काढण्याआधी पाण्यातच इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवतात.