उच्च आयडलिंग वेग (फ्युएल इंजेक्शन इंजिन)

उच्च आयडलिंग वेग हा पेट्रोल इंजिनात आढळणारा एक दोष आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि इंजिन पुरेसे गरम झाले आहे, तरीही त्याचा वेग निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिल्यास हा दोष आहे असे मानतात. गॅरेजच्या बोलीत याला 'रेस जास्त असणे' असे म्हणतात. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा आयडलिंग वेग मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे हा वेग १,२०० ते १,५०० फेऱ्यांपर्यंत जाणे स्वाभाविक असून तो दोष नव्हे.

या लेखात प्रामुख्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन इंजिनांचा विचार केला आहे. या इंजिनांमध्ये थ्रॉटल तारेने उघडतो. त्यांची स्वयंनिदान प्रणाली एक तर नसते किंवा अगदी प्राथमिक असते. त्यामुळे निदान मुख्यतः निरीक्षण आणि साध्या मोजमापांवर अवलंबून असते.

मूलतत्त्व

पेट्रोल इंजिनाचा वेग त्यात शिरणाऱ्या हवेच्या प्रमाणावर ठरतो. फ्युएल इंजेक्शन प्रणालीत नियंत्रक संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन त्या प्रमाणात इंधन सोडतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग इंधनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थ्रॉटल बंद असताना इंजिनाला लागणारी थोडी हवा त्याला वळसा घालणाऱ्या बायपास मार्गाने येते. म्हणून वेग जास्त असल्यास इंजिनात जादा हवा कोठून येत आहे, हा निदानातील पहिला प्रश्न ठरतो. त्याची तीन संभाव्य उत्तरे आहेत: थ्रॉटल पूर्ण बंद होत नसावा, बायपास मार्ग गरजेपेक्षा जास्त उघडा असावा, किंवा थ्रॉटलच्या पुढे कोठेतरी गळती असावी.

प्रणालीनुसार फरक

बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवागन १६०० या मोटारीत आली. ती इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजून इंधन ठरवत असे. अशा प्रणालीत गळतीमुळे मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, ईसीयू त्यानुसार जास्त इंधन देतो आणि इंजिन सुरळीत पण वेगाने चालते. १९७० च्या दशकात आलेली एल-जेट्रॉनिक प्रणाली हवेचा प्रवाह थेट मोजते. तीत मापकाच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. परिणामी मिश्रण विरळ होते आणि इंजिन अडखळते. ऑक्सिजन सेन्सर असल्यास ईसीयू ही उणीव काही मर्यादेपर्यंत भरून काढतो आणि मग अडखळण्याऐवजी वेग वाढलेला दिसू शकतो.

कारणे

थ्रॉटल: अ‍ॅक्सिलरेटरची तार जास्त ताणलेली असणे, ती अडकणे किंवा परत आणणारी स्प्रिंग सैल होणे. थ्रॉटलच्या चकतीभोवती साठलेला काजळीयुक्त मळ बहुधा वेग कमी करतो. परंतु त्यामुळे चकती किंचित उघडी अडकल्यास वेग वाढतो.

बायपास झडपा: जुन्या प्रणालींत थंड इंजिनासाठी वेगळी हवा झडप असते. काहींत ती विजेने तापणाऱ्या द्विधातू पट्टीने, तर काहींत गरम शीतकामुळे प्रसरण पावणाऱ्या मेणाने बंद होते. नंतरच्या प्रणालींत ईसीयूच्या आदेशावर चालणारी आयडल नियंत्रक झडप असते. मळामुळे किंवा झिजेमुळे यांपैकी कोणतीही झडप उघडी राहू शकते.

गळती: तडे गेलेल्या रबरी नळ्या, मॅनिफोल्डचे गॅस्केट, इंजेक्टरभोवतीचे रबरी कडे, उघडी अडकलेली पीसीव्ही झडप आणि ब्रेक बूस्टरचा फाटलेला पडदा.

चुकीची माहिती: शीतक तापमान सेन्सर बिघडल्यास ईसीयू गरम इंजिनाला थंड समजतो व मुद्दाम जास्त हवा आणि इंधन देतो. सेन्सरची जोडणी तुटणे, शीतक कमी झाल्याने सेन्सर हवेच्या पोकळीत राहणे किंवा थर्मोस्टॅट सतत उघडा राहणे यांमुळेही असेच घडते. थ्रॉटल बंद असल्याचा संकेत देणारा स्विच जुळला नसेल, तर इंजिन आयडलिंगवर असल्याचे ईसीयूला समजत नाही.

इतर: डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात ठिणगी प्रमाणाबाहेर आगाऊ पडणे, तसेच एअर कंडिशनरच्या भारासाठी वेग वाढवणारी झडप चालू राहणे.

निदानाचा क्रम

१. इंजिन पूर्ण गरम करून सर्व विद्युत भार बंद करतात व वेग मोजतात. शीतकाची पातळी इंजिन थंड असताना आधीच तपासलेली असावी.

२. तारेत थोडी ढील आहे आणि थ्रॉटल त्याच्या थांब्याला टेकतो, याची खात्री करतात.

३. बायपासची रबरी नळी चिमटीत दाबून बंद करतात. वेग बराच कमी झाल्यास जादा हवा या मार्गाने येत आहे, असे ठरते. वेग तसाच राहिल्यास कारण थ्रॉटलमध्ये किंवा गळतीत शोधावे लागते. एल-जेट्रॉनिकमधील थंड इंजिनाची हवा झडप याच रीतीने तपासतात. इंजिन गरम असताना तिची नळी दाबल्यावर वेगात लक्षणीय फरक पडू नये.

४. हवा बायपासमधून येत असल्यास झडप अडकली आहे की ईसीयूच तिला उघडी ठेवत आहे, हे पाहतात. यासाठी तापमान सेन्सरचा विद्युत रोध मोजतात. अनेक सेन्सरमध्ये तो २० अंश सेल्सिअसला २ ते ३ किलोओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. नेमके आकडे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावेत.

५. गळती शोधण्यासाठी नळ्या एकेक करून दाबतात किंवा मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहतात. ब्रेक पेडल दाबताच वेग बदलत असल्यास बूस्टरचा संशय बळावतो.

लहान गळती बराच काळ लपून राहू शकते, कारण आयडल नियंत्रक झडप तेवढी बंद होऊन वेग सांभाळते. झडप पूर्ण बंद झाल्यानंतरच वेग वाढू लागतो. म्हणून झडप बंद असूनही वेग जास्त असल्यास गळतीचा किंवा थ्रॉटल पूर्ण बंद होत नसल्याचा संशय बळावतो.

वेग सतत वर-खाली होणे हे संबंधित लक्षण आहे. थ्रॉटल बंद असून वेग ठरावीक मर्यादेवर गेल्यास ईसीयू गाडी उतारावर आहे असे समजून इंधन तोडतो. वेग घसरताच इंधन पुन्हा सुरू होते आणि जादा हवेमुळे तो पुन्हा चढतो.

थांब्याच्या स्क्रूची चूक

वेग कमी करण्यासाठी थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू फिरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. हा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. त्याची जागा बदलल्यास आयडल स्विच जुळत नाही आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. वेग जुळवण्यासाठी अनेक इंजिनांत बायपास हवेचा वेगळा स्क्रू असतो. उदाहरणार्थ, पहिल्या पिढीच्या १.६ लिटर माझदा एमएक्स-५ मध्ये निदान पेटीतील 'टीईएन' व 'जीएनडी' ही टोके तारेने जोडून ईसीयूचे आयडल नियंत्रण थांबवतात आणि हवेच्या स्क्रूने वेग ८५० फेऱ्यांच्या आसपास आणतात. ही जुळणी दोष दूर केल्यानंतरच करावयाची असते.

परिणाम आणि सुरक्षितता

दुर्लक्ष केल्यास इंधनाचा खप वाढतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी ब्रेक सोडताच झेप घेते. उतारावर इंजिनाचा रोध कमी झाल्याने ब्रेकवर ताण येतो. कारण बूस्टरमधील गळती असल्यास ब्रेक जड होऊ शकतो, म्हणून ती गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये.

तपासणी मोकळ्या हवेत, हँडब्रेक लावून आणि चाकांना अडसर देऊन करावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वलनशील द्रव फवारल्यास आग लागू शकते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.