काचेची श्यानता : मोजमापापासून पूर्वकथनापर्यंत

द्रवाच्या वाहण्यास त्याच्या अंतर्भागातूनच जो विरोध होतो, त्यास शास्त्रीय परिभाषेत ‘श्यानता’ म्हणतात. या गुणाचे युरोपीय नाव लॅटिन ‘विस्कुम्’ या शब्दावरून, म्हणजे बांडगूळ व त्यापासून केलेला पक्षी धरण्याचा लासा यावरून, आले आहे. संज्ञेचा जन्म असा स्पर्शातून झाला. परंतु किरणोत्सारी अवशेष काचेत बद्ध करताना मात्र, रस भट्टीत तयार होण्यापूर्वीच त्याची श्यानता सांगावी लागते.

या पूर्वकथनाचा पाया १९२१ मध्ये फोगेल, १९२५ मध्ये फुल्चर आणि १९२६ मध्ये टामान व हेस यांनी घातला. तापमान उतरते तशी श्यानता उत्तरोत्तर अधिक वेगाने वाढते, हे त्यांनी तीन स्थिरांकांच्या एका सूत्रात बसविले. तथापि हे स्थिरांक प्रत्येक काचेसाठी प्रयोगानेच काढावे लागत. घटक बदलले की मापन पुन्हा करणे आले.

अमेरिकेतील सॅव्हाना नदीकाठच्या केंद्रात ही मर्यादा जाचक ठरली. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम निर्माण करताना उरलेले द्रव अवशेष तेथे १९५० नंतरच्या दशकांत भूमिगत टाक्यांत साठत गेले. ते बोरोसिलिकेट काचेत मिसळण्याचे कार्य १९९६ मध्ये सुरू झाले. पण प्रत्येक घाण्याची घटना निराळी. सुमारे ११५० अंश सेल्सियसला श्यानता २० ते ११० पॉइज असावी लागते. रस फार पातळ झाल्यास भट्टीचे अस्तर झिजते. फार दाट झाल्यास तो पोलादी पात्रात नीट उतरत नाही.

कॅरोल जँट्झेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तापमानाच्या जोडीस काचेची रचना आली. सिलिकाचे जाळे ऑक्सिजनच्या दुव्यांनी सांधलेले असते. सोडियम, लिथियम यांसारखी अल्कली द्रव्ये हे दुवे तोडतात व रस पातळ करतात. अॅल्युमिना जाळे टिकविण्यास साहाय्य करते. तुटलेल्या दुव्यांची गणना रासायनिक पृथक्करणावरून करता येते, आणि तीवरून श्यानता निघते.

व्याकरणात रूपांची नोंद करणे निराळे आणि ती रूपे सिद्ध करणारा नियम शोधणे निराळे. काचेच्या अभ्यासातही हेच अंतर सत्तर वर्षांत तोडले गेले. येथे त्याचे मोल केवळ तात्त्विक नाही: मिश्रण टाकीत असेतो सुधारता येते, भट्टीत गेल्यावर ती संधी उरत नाही.