हिमांत सांपडलेला चंद्राचा तुकडा

आकाशांतून पडणारे बहुतेक दगड हे मंगळ व गुरु यांच्यामधील लघुग्रहांचे तुकडे होत. चंद्राचा एखादा दगड आपण होऊन पृथ्वीवर येईल काय? पुष्कळ शास्त्रज्ञांना हें असंभाव्य वाटे. चंद्राच्या आकर्षणांतून सुटण्यास सेकंदास सुमारें २.४ किलोमीटर वेग हवा. असा वेग देणारा आघात दगडाला वितळविल्यावांचून कसा राहील, ही त्यांची शंका.

१८ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकांतील ॲलन हिल्स या टेकड्यांजवळ एका अमेरिकन शोधपथकास बर्फावर एक दगड आढळला. वजन अवघें ३१.४ ग्रॅम. तेथें बर्फाचा संथ प्रवाह डोंगरांशीं अडतो, वारा त्याचा पृष्ठभाग झिजवितो आणि पोटांतील उल्कापाषाण उघडे पडतात. या दगडास ‘ॲलन हिल्स ८१००५’ हें नांव मिळालें.

स्मिथ्सोनियन संस्थेचे ब्रायन मेसन यांनीं त्याचा पातळ काप तपासला. काळसर गाभ्यांत पांढरे खडे होते, आणि ते अपोलो यात्रिकांनीं आणलेल्या ॲनॉर्थोसाइट खडकासारखे दिसले. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मग अनेक प्रयोगशाळांत परीक्षा झाली. शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन यांना प्राणवायूच्या समस्थानिकांचें प्रमाण पृथ्वी व चंद्र यांच्याशीं जुळणारें आढळलें. दगडावर वातावरणांतून येतांना वितळून बनलेलें कवच होतें. म्हणजे तो पृथ्वीचा नव्हे. लोह व मँगनीज यांचें प्रमाणहि चंद्रशिलांप्रमाणेंच सुमारें सत्तरास एक निघालें; लघुग्रहांवरील तत्सम दगडांत तें जवळजवळ निम्में असतें. चंद्रपृष्ठावरील धूळ व खडे आघातांनीं सांधून हा दगड बनला होता. अशा खडकास ‘रेगोलिथ ब्रेक्शिया’ म्हणतात.

मार्च १९८३ मध्यें ह्यूस्टन येथील परिषदेंत हा निर्णय जवळजवळ एकमतानें मान्य झाला. जपानी पथकानें १९७९ सालींच यामातो पर्वतांजवळ असा एक दगड उचलला होता. पण त्याची ओळख नंतर पटली.

या निर्णयानें जुनी शंका फिटली. चंद्रावरून दगड येतो, तर मंगळावरून कां नाहीं? त्याच वर्षीं अंटार्क्टिकांतील दुसऱ्या एका उल्केंत कोंडलेला वायु, १९७६ सालीं व्हायकिंग यानांनीं मोजलेल्या मंगळाच्या हवेशीं जुळला.

१९६९ ते १९७२ या काळांत अपोलो यात्रिकांनीं ३८२ किलो चंद्रशिला आणल्या नसत्या, तर ताडून पाहण्यास फारसें कांहीं नसतें. माणसाची ओळख पटण्यास त्याच्या घरचें कोणी तरी आधीं भेटलेलें असावें लागतें. दगडांचेंहि तसेंच आहे.