एका ठासणीच्या बंदुकीचा कालनिर्णय व जीर्णोद्धाराचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या घरीं वडिलोपार्जित अशी एक ठासणीची बंदूक आहे. प्रतिवर्षीं विजयादशमीस तिची पूजा होते. पूर्वजांनीं ती पानिपतच्या रणांतून परत आणली, असें तीर्थरूप सांगत असत. गतवर्षीं वडील बंधूंनीं ती कारागिराकडून घासून, चकमकीचा घोडा बसवून ‘पूर्ववत्’ करून घ्यावी असें सुचविलें. पूर्ववत् म्हणजे कोणत्या काळच्यासारखी, हें ठरल्यावांचून रुकार देणें प्रशस्त वाटेना. म्हणून प्रथम तिची परीक्षा केली. तिचा वृत्तांत संग्राहकांस उपयोगीं पडावा.

जुन्या नळींत पूर्वींचा बार तसाच राहिलेला असूं शकतो, व कोरडी काळी दारू दीर्घकालानंतरहि पेट घेते. म्हणून एक लांकडी काठी नळींत तळापर्यंत सोडून तोंडापाशीं खूण केली, व तीच काठी बाहेरून नळीस लावून पाहिली. टोंक कानापर्यंत पोंचलें. तें अलीकडेच थांबतें, तर परीक्षा तेथेंच थांबवून जाणत्यास बोलावणें प्राप्त होतें.

नळी ३९ इंच असून तिचें तोंड सुमारें पाऊण इंच आहे. इंग्लंडच्या सरकारी पायदळाच्या बंदुकांची नळी प्रथम ४६ व पुढें ४२ इंच असे. ३९ इंचांचा नमुना ईस्ट इंडिया कंपनीनें १७७१ च्या सुमारास आपल्या फौजेकरितां घेतला. फ्रेंचांशीं युद्ध चालू असतां इंग्लंडच्या सरकारनेंहि तो १७९७ मध्यें स्वीकारला. घोड्याखालच्या पट्टीवर चार भाग केलेली हृदयाकृति व १७९९ हा सन आहे. ही आकृति म्हणजे कंपनीच्या गांठोड्यांवरील व्यापारी खूण. १८०८ च्या सुमारास तिच्या जागीं सिंह आला.

एका पोथीची पुष्पिका दुसरीस जोडलेली आढळते, तशी पट्टीहि परकी असूं शकेल. परंतु दस्त्यांतील खांच पट्टीशीं तंतोतंत जुळते. कोठेंहि भर घातलेली नाहीं, आणि नळीचें मापहि त्याच नमुन्याचें आहे. तेव्हां पानिपतच्या संग्रामानंतर, म्हणजे १७६१ नंतर, ३८ वर्षांनीं घडलेली ही वस्तु होय. आमची आख्यायिका टिकत नाहीं, हें लिहितांना हात अडखळला.

चकमकीचा घोडा मात्र आज नाहीं. रंजकाचें पात्र काढलेलें आहे, त्याच्या मळसूत्राचें भोंक बुजविलें आहे, आणि कानाच्या जागीं टोपी बसविण्याची पोकळ खुंटी आहे. आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा हक्क फोर्साइथ यानें १८०७ मध्यें घेतला. तांब्याच्या टोप्या १८२० नंतर पसरल्या. अर्थात् हा बदल त्यानंतरचा. खुंटीचे आटे असमान, कानशीनें हातीं पाडलेले आहेत. यावरून हें काम कारखान्यांतील नसून एखाद्या लोहाराचें दिसतें.

मग पूर्ववत् कोणतें? १७९९ चें रूप द्यावें तर त्या लोहाराचें काम पुसलें जातें. पानिपतच्या काळचें द्यावें तर तें कूटकर्म होय. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादकांनीं पाठ निवडले, पाठभेद तळटीपांत दिले; पण पोथ्यांवर हरताळ फिरविला नाहीं. बंदुकीस निराळी छापील आवृत्ति नसते. तिची पोथी तीच.

कायदाहि ध्यानांत ठेवावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें ४५ वें कलम जुन्या नमुन्याच्या शस्त्रास सूट देतें, परंतु तें दुरुस्तीनेंहि चालविण्याजोगें नसेल तरच. आपलें शस्त्र त्यांत बसतें कीं नाहीं, हें परवाना अधिकाऱ्यास आधीं विचारावें. आम्हीं तसें विचारलें.

निर्णय असा: प्रथम सर्व अंगांचीं छायाचित्रें घेतलीं. भुकटी सुटणारा नारिंगी गंज मऊ कुंचल्यानें काढला. काळसर स्थिर थर राखला. आम्ल व कांचकागद वर्ज्य केले. लोखंडास तेलाचा अत्यंत पातळ हात दिला, आणि तडकलेला दस्ता सरस न लावतां सुती फितीनें बांधला, म्हणजे पुढें सोडतां येईल.

वडील बंधूंनीं सर्व ऐकून घेऊन एवढेंच विचारलें, “मग दसऱ्यास काय सांगायचें?” आतां बंदुकीजवळ एक चिठी असते. तींत सन, माप व लोहाराचा बदल प्रथम लिहिला असून, शेवटीं पानिपतची गोष्ट ‘तीर्थरूपांच्या मुखें ऐकलेली’ म्हणून नोंदली आहे. पूजेस खंड पडलेला नाहीं.