रिकाम्या जागेतून गेलेला बॉल

अमेरिकेत बेसबॉल बघायला बसलं की आजूबाजूला दोन विषयांवरून हमखास वाद पेटतो. पहिला, फिल्डर कुठे उभे केलेत. दुसरा, या कॅचरला टीममध्ये ठेवलाय कशाला. साधा सरपटी बॉल नेमका रिकाम्या जागेतून निसटला की मागच्या रांगेतून आवाज येतो, "तिथे एक माणूस ठेवायला काय झालं होतं?" आणि कॅचरच्या हातून बॉल सुटला की तोच आवाज, "बॅटिंग तर येतच नाही, आता बॉलही धरता येईना!" गल्ली क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटत नाही. थर्ड मॅन काढला आणि तिथूनच चौका गेला, की कॅप्टनची अक्कल काढणारे काका आपल्याकडे प्रत्येक चाळीत असतात :)

तर या शनिवारी याच दोन वादांचा इतिहास. दोन्ही वाद वेगळे दिसले तरी त्यांचं मूळ एकच आहे, असं माझं मत झालंय. ते काय, ते शेवटी सांगतो.

आधी क्रिकेटवाल्यांसाठी थोडी पूर्वतयारी. बेसबॉलचं मैदान म्हणजे पाचर. बॅटर टोकाला उभा, आणि त्याच्या समोरच्या ९० अंशांतच फटका मारायचा. मागे किंवा बाजूला गेला तर तो फाउल. पिचर आणि कॅचर सोडले तर फिल्डर उरतात सात, चार जवळचे आणि तीन लांबचे. जवळचे चौघं परंपरेने दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे उभे राहतात. ही परंपरा इतकी जुनी की बऱ्याच लोकांना तो नियमच वाटायचा. पण नियम नव्हता. पिचर आणि कॅचर सोडून बाकीच्यांनी फाउल रेषांच्या आत कुठेही उभं राहावं, एवढंच बंधन होतं.

आता १४ जुलै १९४६. बॉस्टनचं फेनवे पार्क, एका दिवसात दोन मॅचेस. समोर क्लीव्हलंड इंडियन्स (हे नाव २०२२ पासून गेलं, आता गार्डियन्स). पहिल्या मॅचमध्ये बॉस्टनच्या टेड विल्यम्सने तीन होमरन मारले. क्लीव्हलंडचा लू बुड्रो हा स्वतः शॉर्टस्टॉप आणि मॅनेजरही. त्यानेही त्या मॅचमध्ये चार डबल्स आणि एक होमरन मारला, तरी टीम ११-१० अशी हरली. एवढं करून हरल्यावर माणसाच्या डोक्यात तिडीक जाणारच! दुसऱ्या मॅचमध्ये विल्यम्स बॅटिंगला आला तेव्हा बुड्रोने जवळजवळ सगळे फिल्डर मैदानाच्या उजव्या बाजूला नेले. डावीकडे एकटा लेफ्ट फिल्डर. विल्यम्स डावखुरा, आणि त्याचे बहुतेक फटके उजवीकडेच जायचे. त्याने एक सणसणीत बॉल उजवीकडे मारला, तो थेट तिथे येऊन उभ्या असलेल्या बुड्रोच्या हातात. आउट.

याला 'बुड्रो शिफ्ट' म्हणतात. खरं तर ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. १९२० च्या दशकात साय विल्यम्स नावाच्या दुसऱ्याच डावखुऱ्या विल्यम्ससाठी टीम्स असं करायच्या, आणि १९४१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या जिमी डाइक्सने टेडवरच ते करून पाहिलं होतं. गंमत म्हणजे त्याच १९४१ साली टेडने ०.४०६ ची सरासरी काढली. अमेरिकन लीगमध्ये त्यानंतर कोणालाही ०.४०० गाठता आलेलं नाही.

डावखुऱ्यांवरच शिफ्ट जास्त का? याचं कारण साधं आहे. बॅटरला पळायचं असतं फर्स्ट बेसकडे, आणि तो असतो उजवीकडे. म्हणजे उजव्या बाजूचा फिल्डर अगदी गवतात मागे जाऊन उभा राहिला तरी त्याला थ्रो जवळचा पडतो. उजव्या हाताचा बॅटर डावीकडे मारतो, पण तेव्हाही एक माणूस फर्स्ट बेसजवळ ठेवावाच लागतो, नाहीतर थ्रो घेणार कोण? म्हणून तिथे मैदान इतकं रिकामं करता येत नाही.

मग मोठा प्रश्न. डावीकडे अख्खं मैदान मोकळं असताना विल्यम्सने तिकडे हळूच टोलवून आरामात एक बेस का नाही घेतला? कधी कधी घेतला. १३ सप्टेंबर १९४६ ला क्लीव्हलंडमध्येच त्याने शिफ्टच्या विरुद्ध बाजूला बॉल मारला आणि पळत पळत होमरन पूर्ण केला. बॉल कुंपणाच्या आत असताना धावून काढलेला त्याच्या कारकिर्दीतला हा एकमेव होमरन. मॅच १-० जिंकली आणि लीगचं विजेतेपद पक्कं झालं. पण एरवी त्याचा हट्ट कायम होता, मी माझ्याच पद्धतीने मारणार.

त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने त्याला शिफ्ट लावली. सात मॅचेसमध्ये २५ पैकी ५ हिट्स. पाचही सिंगल्स, त्यातला एक तर चक्क बंट. बॉस्टन हरलं, आणि विल्यम्सला पुन्हा वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली नाही. लोकांनी निकाल दिला : शिफ्टने विल्यम्सला संपवलं. पण त्या सिरीजच्या काही दिवस आधी एका सरावाच्या मॅचमध्ये बॉल लागून त्याचं कोपर सुजलं होतं. मग दोष शिफ्टचा की कोपराचा की नुसत्या नशिबाचा? २५ वेळांच्या हिशोबात हे सांगताच येत नाही. आणि हा 'संपलेला' माणूस पुढे १९६० पर्यंत खेळला, मध्ये कोरियाच्या युद्धात लढाऊ विमानं उडवून आला, आणि ५२१ होमरन, ०.३४४ सरासरी घेऊन निवृत्त झाला.

पुढची जवळजवळ साठ वर्षं शिफ्ट म्हणजे मोजक्या धिप्पाड डावखुऱ्यांसाठी राखलेली युक्ती होती. मग आला डेटा. प्रत्येक बॅटरचा प्रत्येक फटका कुठे पडला हे नोंदवणाऱ्या कंपन्या निघाल्या. टॅम्पा बे रेज या गरीब टीमचे मॅनेजर जो मॅडन यांनी २००६ पासून डेव्हिड ऑर्टिझसारख्यांना चमत्कारिक फिल्डिंग लावायला सुरुवात केली. आधी हसू झालं, मग सगळ्यांनी कॉपी मारली. फटका मैदानात पडला तेव्हा शिफ्ट लावलेली होती, असे प्रसंग २०११ मध्ये अडीच हजारांच्या आत होते. २०१४ मध्ये ते १३ हजारांवर गेले. २०२२ पर्यंत तर दर तीन बॅटरमागे एकाला आणि डावखुऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त वेळा शिफ्ट लागत होती.

इथे प्रेक्षकांचं भांडण ऐन रंगात आलं. शिफ्टमध्ये अडकलेला बॉल दिसतो कसा? साधा. फिल्डर आधीपासून तिथेच उभा, बॉल आला, उचलला, फेकला. टाळ्या नाहीत, काही नाही. तोच बॉल जुन्या जागी उभ्या असलेल्या फिल्डरने सूर मारून अडवला असता तर रात्रभर रिप्ले दाखवले असते! उलट शिफ्ट फसली की ती डोळ्यांत खुपते. रिकामी जागा, तिथून आरामात चाललेला बॉल, आणि टीव्हीवर मॅनेजरचा चेहरा. दहा वाचवलेले हिट कोणाच्या लक्षात राहत नाहीत, सुटलेला एक आठवडाभर चघळला जातो.

आता वळूया कॅचरकडे.

कॅचरबद्दल शंभर वर्षं लोक म्हणत आले की चांगला कॅचर पिचरला घडवतो. पण आकड्यांत ते दिसेना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कीथ वूलनर यांनी बराच खटाटोप करून हिशोब मांडला, की कॅचर बदलल्याने पिचरच्या कामगिरीत फरक पडतो का? ठोस पुरावा काही सापडला नाही. आकडेवाले म्हणाले, भाकडकथा. जुने खेळाडू म्हणाले, तुम्हाला काय कळतंय.

मग २००६ ते २००८ च्या दरम्यान मैदानांत पिच-एफएक्स नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली. प्रत्येक पिच प्लेटवरून नेमकी कुठून गेली हे मोजता यायला लागलं. २०११ मध्ये माइक फास्ट या अभ्यासकाने त्यावरून एक वेगळाच प्रश्न विचारला. पिच अगदी सीमेवर पडली, बॅटरने बॅट हलवली नाही, तर अंपायर स्ट्राइक देतो की बॉल? आणि समोर कॅचर कोण आहे यावर ते बदलतं का?

बदलत होतं, आणि चांगलंच. काही कॅचर बॉल असा मऊपणे घेतात, ग्लोव्ह बाहेरून आत असा हळूच आणतात, डोकं इतकं स्थिर ठेवतात, की अंपायरला ती पिच आतलीच वाटते. याला 'फ्रेमिंग' म्हणतात. यादीत वरच्या टोकाला नाव आलं होझे मोलिनाचं. पोर्टो रिकोच्या तीन मोलिना भावांपैकी हा मधला. तिघंही कॅचर, तिघांकडेही वर्ल्ड सिरीजच्या अंगठ्या. पण होझेची सरासरी ०.२४० च्याही खाली, पळणं तर विचारूच नका. बहुतेक कारकीर्द राखीव कॅचर म्हणून गेली. फास्टच्या हिशोबाने तो १२० मॅचेसमागे सुमारे ३५ रन वाचवत होता!

विश्वास बसत नसेल तर पाकिटाच्या मागे हिशोब करून बघा. मॅचमध्ये एक टीम दीडशेच्या आसपास पिचेस टाकते, त्यातल्या निम्म्यांवर बॅटर बॅट फिरवतच नाही. एका पिचचा निर्णय बॉलऐवजी स्ट्राइक झाला तर त्याची किंमत साधारण एक अष्टमांश रन. दर मॅचला असे दोन जास्तीचे स्ट्राइक मिळवले तर १०० मॅचेसमध्ये २५ रन. आणि दहा रन म्हणजे ढोबळमानाने एक विजय. म्हणजे बॅट न चालणारा, पळता न येणारा हा माणूस वर्षाला दोन-अडीच विजय ग्लोव्हमध्ये घेऊन बसला होता. टॅम्पा बे रेजने (पुन्हा तेच!) २०१२ साठी त्याला घेतलं, आणि वयाच्या ३७ व्या वर्षी तो कारकिर्दीतल्या सगळ्यात जास्त मॅचेस खेळला. माइक फास्टला ह्यूस्टन ॲस्ट्रोजने नोकरी दिली.

आता सुरुवातीला म्हटलेलं ते समान मूळ. बेसबॉलचा धावफलक म्हणजेच बॉक्स स्कोअर रुजवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक यांचा. जन्म इंग्लंडमधला, १८२४ चा, आणि अमेरिकेत आधी क्रिकेटचे वार्ताहर. क्रिकेटचा फलक डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी बेसबॉलचा घडवला. त्या परंपरेतून आजही मैदानावरच्या फलकाला तीन ठळक रकाने असतात : रन, हिट, एरर. चुकीला रकाना आहे. योग्य जागी आधीच उभं राहण्याला रकाना नाही. अंपायरचा डोळा अलगद आपल्या बाजूला वळवण्याला रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते घडलंच नाही, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो.

आमच्या धंद्यात याचा अनुभव रोजचा आहे. सर्व्हर पडला आणि रात्री दोनला जागून कोणी तो उठवला की सोमवारी त्याच्या नावाने मेल फिरते, शाबासकी मिळते. ज्याने तीन महिन्यांपूर्वी डिस्क भरत आल्याचं बघून गुपचूप सोय केली आणि त्यामुळे काहीच पडलं नाही, त्याच्या वार्षिक मूल्यमापनात लिहायला काही नसतं. होझे मोलिना प्रत्येक ऑफिसात असतो. पिच-एफएक्स सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पण कथेला पुढे एक वळण आहे, आणि मला तेच जास्त खटकतं. मोजता आलं, किंमत कळली, की मग ते नियमाने काढून टाकायची पाळी येते. २०१५ च्या जानेवारीत कमिशनर झाल्या झाल्या रॉब मॅनफ्रेड यांनी शिफ्टवर बंदीचा विचार बोलून दाखवला होता. २०२३ पासून नियम आला : सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन इनफिल्डर, आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत. हेतू हा की हिट्स वाढाव्यात. आपल्याकडे बॉडीलाइनच्या बऱ्याच वर्षांनंतर लेगला मागे दोनपेक्षा जास्त फिल्डर नकोत असा कायदा झाला, त्याच जातीचा हा प्रकार. परिणाम? लीगची सरासरी २०२२ मध्ये ०.२४३ होती, २०२३ मध्ये ०.२४८ झाली, आणि २०२४ मध्ये पुन्हा ०.२४३! डावखुऱ्यांना थोडा दिलासा मिळाला, पण खरं दुखणं पिचर्सच्या वाढलेल्या वेगात आणि स्ट्राइकआउट्समध्ये होतं. शिफ्ट डोळ्यांना दिसत होती, म्हणून शिक्षा तिला.

फ्रेमिंगचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलं, की २०२६ च्या हंगामापासून बॅटर, पिचर किंवा कॅचर टोपीवर टिचकी मारून अंपायरच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतील, आणि निकाल कॅमेरे देतील. प्रत्येक टीमला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शाबूत. कोरियाच्या लीगने तर २०२४ पासून बॉल-स्ट्राइकचा निर्णय पूर्णपणे यंत्राकडेच दिलाय, म्हणजे तिथे फ्रेमिंगला अर्थच उरला नाही. शंभर वर्षं न दिसलेलं कौशल्य दिसायला लागून जेमतेम पंधरा वर्षं झाली, आणि तेवढ्यात ते कालबाह्य व्हायला आलं.

बंद्यांबद्दल माझं मत विचाराल तर फ्रेमिंगची मला तितकी हळहळ नाही. अंपायरला चकवून मिळालेला स्ट्राइक शेवटी चुकीचाच निर्णय, आणि समोरच्या बॅटरवर तो अन्यायच. शिफ्टचं मात्र वाईट वाटतं. तिच्यात फसवणूक नव्हती. समोरच्याचा अभ्यास करून योग्य जागी उभं राहणं एवढंच होतं, आणि तिच्यावर उत्तर बॅटरच्या हातात होतं. विल्यम्सने त्या सप्टेंबरमध्ये ते एकदा देऊनही दाखवलं होतं.

असो. पुढच्या वेळी रिकाम्या जागेतून बॉल गेला आणि शेजारचा माणूस मॅनेजरच्या नावाने शंख करायला लागला, तर त्याला एवढंच विचारा, "याआधीचे किती अडले, मोजलेत का?" उत्तर मिळणार नाही, हे मात्र लिहून देतो :)