घरगुती बनावटीच्या मोटारसायकलची नोंदणी (भारत)

घरगुती बनावटीची मोटारसायकल म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतः किंवा लहान कार्यशाळेत तयार केलेली, अथवा जुन्या वाहनांचे सुटे भाग जोडून उभी केलेली दुचाकी होय. भारतात अशी दुचाकी सार्वजनिक ठिकाणी चालवायची असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या तरतुदी तिला कारखान्यातील दुचाकीप्रमाणेच लागू होतात. मात्र या तरतुदींची रचना वाहन-उत्पादक डोळ्यांपुढे ठेवून झालेली असल्याने, एकच वाहन बनवणाऱ्या व्यक्तीला त्यांची पूर्तता करणे व्यवहारात अतिशय कठीण जाते.

व्याप्ती

अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. ज्या जागेवर जनतेला ये-जा करण्याचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा ‘सार्वजनिक ठिकाण’ ठरते. जनतेला असा हक्क नसलेले स्वतःचे शेत किंवा आवार यात मोडत नाही.

चारपेक्षा कमी चाके आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंत क्षमतेचे इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळलेले आहे. ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेरीवरील सायकलही काही अटींवर वगळली जाते. परंतु त्यासाठीसुद्धा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची संमती लागते.

प्ररूप मान्यता

नियम १२६ नुसार प्रत्येक उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घेऊन प्ररूप मान्यता (टाइप ॲप्रूव्हल) मिळवणे बंधनकारक आहे. या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) व केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था (सीआयआरटी) पुणे येथे, तर संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे.

तपासणीत ब्रेक, दिवे, भोंगा, वेगमापक, आवाज आणि धुराचे उत्सर्जन यांचा विचार होतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू आहेत. नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडदांडा व पायटेकू असावा लागतो, तसेच मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरणही लागते. हेच आवरण बोलीभाषेत ‘साडीगार्ड’ म्हणून ओळखले जाते. सांगाडा (चेसिस) व इंजिन यांवर क्रमांक कोरलेले असणेही आवश्यक आहे.

नोंदणीची कागदपत्रे

प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो. त्यासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ मधील उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र, विमा प्रमाणपत्र व पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. घरी बनवलेल्या दुचाकीला विक्रेता नसतो आणि प्ररूप मान्यताप्राप्त उत्पादकही नसतो. त्यामुळे अर्ज बहुधा याच टप्प्यावर अडतो.

जुन्या दुचाकीत बदल

नोंदणी झालेल्या जुन्या दुचाकीचे रूप पालटणे हा सोपा पर्याय वाटत असला, तरी त्यालाही मर्यादा आहेत. कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका मांडली. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते. अन्य इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे आणि दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी वाहन अनुकूल करून घेणे, यांस मात्र अटींसह मुभा आहे.

दंड व दायित्व

विनानोंदणी वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अनधिकृत बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

दंडापेक्षा विम्याचा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. विमा नसलेल्या वाहनामुळे कुणाला इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईचा भार मालकावर पडतो आणि त्याची ऐपत नसल्यास जखमी व्यक्ती वा मृताचे कुटुंब प्रत्यक्षात भरपाईविना राहू शकते.

इतर देशांतील पद्धत

ब्रिटनमध्ये व्यक्तीने बनवलेल्या एकाच मोटारसायकलची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची ‘मोटरसायकल सिंगल व्हेइकल ॲप्रूव्हल’ ही पद्धत आहे. त्या मान्यतेनंतर वाहनाची रीतसर नोंदणी होते. भारतीय नियमांत हौशी निर्मात्यासाठी अशी वेगळी व सुलभ प्रक्रिया नाही. परिणामी येथील घरगुती बनावटीच्या दुचाकींचा कायदेशीर वापर प्रामुख्याने प्रदर्शन, बंदिस्त मैदानावरील स्पर्धा आणि खासगी जागा यांपुरता मर्यादित राहतो.