उंदराच्या पिल्लापासून चार पट्ट्यांपर्यंत: डेंग्यूच्या टेस्टची गोष्ट

ताप आला, रक्त दिलं, रिपोर्ट मोबाइलवर. आपल्याला याचं काही वाटत नाही. पण एके काळी डेंग्यूचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एकतर कामावर रुजू झालेला असायचा, नाहीतर दगावलेला.

१९४३ साली जपानमध्ये रेन किमुरा आणि सुसुमु होत्ता यांनी हा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. कसा? पेशंटचं रक्त उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून. मग पिल्लं आजारी पडायची वाट बघायची.

पुढची पायरी मात्र आपल्या पुण्यातली, बरं का! १९६७ साली व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून मिळवलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी त्यांतूनच सी६/३६ हा वाण निवडला. त्यात डेंग्यूचा विषाणू झकास वाढतो. जगभरच्या लॅब आजही तो वापरतात. तरी थांबावं लागायचंच, आठवडा-आठवडा.

मग सरळ अँटिबॉडी तपासा ना? अडचण अशी की डेंग्यूचे प्रकार चार, आणि त्यांच्या अँटिबॉडींची सरमिसळ होते. नेमका कोणता, ते कळायला तर हवं. कारण एक प्रकार होऊन गेल्यावर दुसरा झाला, तर तो जिवावर बेतण्याचा धोका वाढतो.

१९९२ साली अमेरिकेच्या सीडीसीतले रॉबर्ट लान्सिओटी आणि सहकारी यांनी विषाणू वाढवायचा नादच सोडला. त्याचा आरएनए घ्यायचा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइमने त्याची डीएनए नक्कल करायची आणि पीसीआरने तिच्या असंख्य प्रती काढायच्या. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक प्रकारासाठी प्रायमर अशा जागी बसवले की तुकडे वेगवेगळ्या लांबीचे निघावेत: टाइप १ चा ४८२ अक्षरांचा, टाइप २ चा ११९, टाइप ३ चा २९०, टाइप ४ चा ३९२. जेलवर पट्टी कुठे थांबली ते बघा, प्रकार कळला!

एक मेख आहे. विषाणू रक्तात पहिले पाचेक दिवसच भरपूर असतो. आठव्या दिवशी पीसीआर निगेटिव्ह आला, तर डेंग्यू नव्हताच असं म्हणता येत नाही. तेव्हा आयजीएम अँटिबॉडी बघावी लागते. म्हणून तर रक्त घेताना विचारतात, ताप नक्की कोणत्या तारखेला आला?